कमरेची थैली आणि तीन किल्ल्यांची पेटी

भाद्रपद पौर्णिमा जवळ आली, की बुलढाणा जिल्ह्यातील बाजारपेठांत भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती विक्रीस येतात. शंकर-पार्वतीच्या या लोकरूपाची घरोघरी मांडणी होते आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली तिच्यापुढे फेर धरून गाणी म्हणतात. झाकलेल्या डब्यात कोणती खिरापत आहे ते ओळखण्याचा खेळही त्याच वेळी रंगतो. या गाण्यांत भक्तीपेक्षा संसार अधिक असतो. खाष्ट सासू, मानी सासरा, आळशी दीर, कुरकुरणारी नणंद असे सगळे घर त्यांत येते आणि प्रत्येकाची थोडीथोडी फिरकी घेतली जाते. एरवी ज्या वडीलधाऱ्यांसमोर मान वर होत नाही, त्यांच्या स्वभावावर मातीच्या बाहुलीच्या साक्षीने मोकळेपणाने हसता येते. वडीलही ते ऐकतात आणि रागावत नाहीत.

हसू आणि माती यांचा हा संबंध केवळ वऱ्हाड-खानदेशापुरता नाही. युरोपात सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी याच स्वभावाच्या, मात्र फार महागड्या पुतळ्या घडवल्या गेल्या. त्या चिनी मातीच्या होत्या आणि त्यांची रूपे विनोदी नाटकांतील पात्रांवरून घेतलेली होती. आज त्या न्यूयॉर्क, लंडन, टोरांटो येथील मोठ्या संग्रहालयांत काचेआड उभ्या आहेत. व्यापारी घरातील वाचकाने त्या पुतळ्यांची ओळख करून घ्यावी, याला एक विशेष कारण आहे. त्यांतील एक प्रमुख पात्र व्यापाऱ्याचे आहे.

इटलीत सोळाव्या शतकात ‘कॉमेदिया देल्लार्ते’ नावाचा नाट्यप्रकार उदयास आला. त्यात संवाद लिहिलेले नसत. कथानकाचा आराखडा पडद्यामागे टांगलेला असे आणि नट रंगमंचावर ऐन वेळी बोलत. आपल्याकडच्या वगातील सोंगाड्या जसा हजरजबाबीपणावर खेळ तोलून धरतो, तसाच हा प्रकार. पात्रे मात्र ठरलेली असत. ठिगळांच्या रंगीबेरंगी कपड्यांतला, सदा भुकेलेला नोकर आर्लेकिनो, पुस्तकी पांडित्य मिरवणारा बोलोन्याचा डॉक्टर, शौर्याच्या बाता मारणारा आणि वेळ येताच पळ काढणारा कप्तान, चतुर दासी कोलंबिना, प्रेमात पडलेली तरुण जोडपी. आणि या सर्वांच्या मध्यभागी पांतालोने.

पांतालोने हा व्हेनिसचा वृद्ध व्यापारी. लाल रंगाची घट्ट वस्त्रे, वर काळा झगा, आकडेदार नाकाचा मुखवटा, पुढे आलेली टोकदार दाढी, पायांत सपाता आणि कमरेला पैशांची थैली हे त्याचे रूप. व्हेनिस त्या काळी पूर्वेकडील मिरी, मसाले आणि रेशमाच्या व्यापारावर वैभवाला चढलेले नगर होते. त्यामुळे तेथील धनिक व्यापारी हे पात्र प्रेक्षकांना चटकन ओळखू येई. त्याच्या पायांतील त्या लांब वस्त्रावरून पुढे युरोपातील भाषांत ‘पँटलून’ हा शब्द रूढ झाला. मराठीतील जुनी ‘पाटलोण’ आणि आजची ‘पँट’ ही त्याच शब्दाची वंशावळ. खामगावच्या कापड दुकानात रोज शेकडो वेळा उच्चारला जाणारा हा शब्द मुळात एका विनोदी नाटकातील व्यापाऱ्याचे नाव आहे, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते.

पांतालोनेची कथा थोड्याफार फरकाने नेहमी एकच असते. पैसा त्याच्या हातून सुटत नाही. नोकराला पोटभर जेवण मिळत नाही. मुलीचे लग्न तिच्या मनाविरुद्ध एखाद्या धनवान वृद्धाशी लावण्याचा त्याचा बेत असतो. कधी तर मुलाने जिच्यावर जीव लावला आहे, तिच्याशी स्वतःच विवाह करण्याची त्याची इच्छा असते. घरातील प्रत्येक निर्णय त्याच्या मुठीत असतो. मग मुले आणि नोकर संगनमत करतात, त्याला चकवतात आणि शेवटी त्याला सगळ्यांना क्षमा करावी लागते. प्रेक्षक पोट धरून हसतात. थोडे बारकाईने पाहिले, तर असे दिसते की त्याला फसवणारी माणसे परकी नाहीत. ती त्याच्याच घरातली आहेत. जे मागून मिळाले असते ते मागण्याची सोयच न राहिल्यामुळे ती युक्त्या करतात.

या नाटकांपेक्षाही एक खरा कागद अधिक बोलका आहे. २५ फेब्रुवारी १५४५ रोजी इटलीतील पादुआ या शहरी आठ नटांनी एक करार केला. युरोपातील व्यावसायिक नाटक मंडळीचा हा अगदी आरंभीचा दस्तऐवज मानला जातो. त्यातील कलमे वाचताना भागीदारी पेढीचाच करारनामा वाचत असल्याचा भास होतो. एकाला प्रमुख नेमून सर्वांनी त्याचे ऐकावे. सामान वाहण्यासाठी सामायिक पैशातून एक घोडा घ्यावा. कोणी आजारी पडला, तर त्याचा खर्च सामायिक कमाईतून व्हावा. आपसांत पैसे लावून पत्ते खेळू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मिळकत एका पेटीत ठेवावी, त्या पेटीला तीन किल्ल्या असाव्यात आणि त्या तीन वेगवेगळ्या माणसांकडे असाव्यात. प्रमुखाकडे त्यांतील एक. बाकीच्या दोघांच्या अनुपस्थितीत त्यालाही पेटी उघडता येत नसे. ज्या व्यवसायाने पुढे पांतालोनेच्या एकट्याच्या थैलीवर जगाला हसवले, त्यातील माणसांनी स्वतःचा पैसा मात्र असा तिघांच्या विश्वासावर ठेवला होता.

रंगमंचावरील ही पात्रे चिनी मातीत कशी आली, ती हकीकतही व्यापाराचीच आहे. चिनी मातीची पांढरीशुभ्र, पारदर्शक झाक असलेली भांडी कशी बनतात, हे गुपित शतकानुशतके पूर्व आशियाकडेच होते. युरोपातील राजे त्यांसाठी वाटेल ती किंमत मोजत. सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याला तर या भांड्यांचे वेडच होते. १७१७ मध्ये त्याने आपले ६०० घोडेस्वार सैनिक प्रशियाच्या राजाला दिले आणि बदल्यात १५१ चिनी मातीच्या वस्तू घेतल्या. हा सौदा आजही इतिहासात नोंदलेला आहे. सोने बनवून दाखवतो असे सांगणाऱ्या बोटगर नावाच्या तरुणाला याच राजाने कैदेत ठेवले होते. त्याच्याकडून सोने काही निघाले नाही, पण चिर्नहाउस या विद्वानाच्या मार्गदर्शनाखाली चाललेल्या प्रयोगांतून १७०८ च्या सुमारास चिनी मातीचे रहस्य उलगडले. १७१० मध्ये ड्रेस्डेनजवळच्या मायसेन येथील किल्ल्यात कारखाना सुरू झाला. गुपित बाहेर जाऊ नये म्हणून किल्ल्याची निवड झाली होती. तरीही दहा वर्षांच्या आत ते व्हिएन्नाला पोचले. जाणकार कामगार फुटला, की भिंती कामास येत नाहीत, हा अनुभव कोणत्याही कारखानदाराला नवा नाही.

या कारखान्यात १७३१ मध्ये योहान योआखिम केंडलर हा शिल्पकार रुजू झाला. तोपर्यंत राजदरबारी मेजवान्यांत जेवणाअखेरच्या मिठाईच्या मेजावर साखरेच्या पुतळ्या मांडण्याची रीत होती. आपल्याकडे होळी-पाडव्याला साच्यातून साखरेच्या गाठ्या काढतात, तसाच साखरेचा लगदा साच्यांत भरून माणसे, प्राणी, बागा, राजवाडे घडवले जात. साखर विरघळते, मुंग्या लागतात, पुढच्या मेजवानीला पुन्हा खर्च. केंडलरच्या काळात या साखरेच्या पुतळ्यांची जागा चिनी मातीच्या पुतळ्यांनी घेतली. म्हणूनच दरबारात त्या कलादालनात नसत, मिठाईखान्याच्या ताब्यात असत. केंडलरने आर्लेकिनो अनेक रूपांत घडवला. पुढे १७४३-४४ च्या सुमारास वाइसनफेल्सच्या सरदारासाठी या विनोदी पात्रांची एक संपूर्ण मालिका तयार झाली. रिक्कोबोनी या नटाने इटालियन रंगभूमीचा इतिहास लिहिला होता. त्यातील चित्रांचा आधार या मालिकेसाठी घेतला गेला. म्युनिकजवळच्या निम्फेनबुर्ग कारखान्यात १७६० च्या आसपास बुस्टेल्ली या शिल्पकाराने घडवलेल्या सोळा पुतळ्या तर या कलेचा कळस मानल्या जातात. लौकिक पसरताच इंग्लंडमधील बो आणि चेल्सी या कारखान्यांनीही अशा पुतळ्या काढल्या.

अशी एक पुतळी घडवणे हे एका माणसाचे काम नव्हते. शिल्पकार मूळ नमुना तयार करी. मग त्या नमुन्याचे हात, पाय, डोके, धड असे भाग करून प्रत्येकाचा वेगळा साचा घेतला जाई. साच्यांतून निघालेले ओले भाग पातळ मातीने जोडण्याचे काम दुसऱ्या कारागिराचे. बोटे, झालरी, मुखवट्याची धार यांवर तोच हात फिरवी. भट्टीत सुमारे १४०० अंश उष्णतेत पुतळी भाजली, की ती जवळजवळ एक षष्ठांशाने आकसते. हे आकसणे आधीच हिशेबात धरावे लागे, नाहीतर उचललेला हात वाकून खाली येई. त्यानंतर रंगारी, मग रंग पक्के करण्यासाठी पुन्हा मंद आच, शेवटी सोन्याचा मुलामा. तळाशी निळ्या रंगात परस्परांना छेदणाऱ्या दोन तलवारींची खूण ही मायसेनची ओळख. मात्र त्या खुणेची नक्कल फार पूर्वीपासून होत आली आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सॅमसन कंपनीने जुन्या पुतळ्यांच्या हुबेहूब प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर काढल्या. म्हणून केवळ खूण पाहून किंमत ठरवणारा ग्राहक हमखास ठकतो.

युरोपीय चिनी मातीचे मोठे दालन पाहण्यासाठी बुलढाण्याहून फार दूर जावे लागत नाही. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात, जे १९५१ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, ड्रेस्डेन-मायसेनसह युरोपातील नामांकित कारखान्यांच्या वस्तू आहेत. त्या संग्रहाचा वऱ्हाडशी जुना संबंधही आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. त्याच वर्षी दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगाने ते परत मिळवण्यासाठी आयुष्यभर खटपट केली. १८७६ मध्ये तो युरोपच्या प्रवासास गेला. वऱ्हाड त्याला मिळाले नाही, पण त्या प्रवासात रोममध्ये घेतलेली बुरख्यातील रिबेकाची संगमरवरी मूर्ती आज त्या संग्रहालयाची शोभा आहे. बाकीचा बहुतांश संग्रह त्याचा नातू तिसरा सालारजंग याने जमवला.

जुन्या व्यापारी घरांच्या काचेच्या कपाटांतही चिनी मातीचे कुत्रे, बाहुल्या, फुलदाण्या असतात. वाटणीच्या वेळी त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि नंतर एखादा फिरता खरेदीदार भंगाराच्या भावाने त्या उचलून नेतो. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षे वा त्याहून अधिक जुनी कलावस्तू ‘पुरावशेष’ ठरते. तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून अशी वस्तू विकण्यापूर्वी जाणकाराकडून तिचे वय तपासून घेणे इष्ट. धूळ झटकताना ती हाताला वा डोक्याला धरून उचलू नये, तळाला आधार द्यावा, एवढी साधी काळजीही पुरेशी असते.

पुतळ्या कपाटात राहिल्या, पण पात्रे मात्र चालत चालत मराठी रंगभूमीपर्यंत आली. फ्रान्सचा थोर नाटककार मोलियर १६५८ पासून पॅरिसमध्ये एकाच नाट्यगृहात इटालियन मंडळींच्या आळीपाळीने आपले प्रयोग करीत असे. त्यांच्या ढंगाचा त्याच्यावर खोल परिणाम झाला. १६६० मध्ये त्याने एका संशयी पतीवर प्रहसन लिहिले. शंभर वर्षांनी इंग्लंडमध्ये मर्फीने त्याचे रूपांतर केले, आणि त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी आधी ‘तसबिरीचा घोटाळा’ आणि पुढे १९१६ मध्ये रंगभूमीवर आलेले ‘संगीत संशयकल्लोळ’ रचले. त्यातील फाल्गुनराव, अश्विनशेट, वैशाखशेट ही मंडळी मराठी प्रेक्षकांना घरच्यासारखी वाटतात. मोलियरच्याच ‘कंजूष’ या विषयावरील नाटकातील वृद्ध तर पांतालोनेचा सख्खा भाऊ शोभावा. मोहरांची पेटी तो बागेत पुरून ठेवतो आणि मुलाने पसंत केलेल्या मुलीवर स्वतः डोळा ठेवतो. आचार्य अत्रे यांनी ते नाटक ‘कवडीचुंबक’ या नावाने मराठीत आणले. तेव्हा व्हेनिसचा तो शेठ कधीच परका राहिलेला नाही.

या पात्रावर हसणे सोपे आहे. त्याला न्याय देणे अवघड. रंगमंचावर पांतालोने पहिल्या प्रवेशापासून म्हातारा असतो. त्याचे तरुणपण कोणी दाखवत नाही. थैली भरेपर्यंत त्याने किती समुद्र पाहिले, किती जहाजे बुडताना पाहिली, हे नाटकात येत नाही. वऱ्हाडातील वृद्ध व्यापाऱ्याच्या काटकसरीमागेही असाच न दिसणारा इतिहास असतो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाचे भाव आकाशाला भिडले. युद्ध संपताच ते कोसळले आणि अनेकांची घरे बसली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, बाजार बहरला. पण संवत १९५६ चा छप्पनियाचा दुष्काळही त्याच बाजाराने पाहिला. मारवाडातून आलेल्या कुटुंबांत तर त्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ज्या घराने एकदा रिकामे कोठार पाहिले, त्या घरात दोरीचा तुकडाही गुंडाळून ठेवला जातो. त्याला कंजूषपणा म्हणणाऱ्या नातवाला त्या कोठाराची कल्पना नसते.

तेव्हा पांतालोनेचा दोष काटकसर हा नाही. साठवलेल्या पैशाविषयी त्याने घरात कोणालाच विश्वासात घेतलेले नाही, हा त्याचा खरा दोष. या जिल्ह्यातील कोणत्याही बाजारपेठेत असे दृश्य नवीन नाही. बाबूजींचे वय ऐंशीच्या घरात. मुलगा पन्नाशीला आलेला. गल्ल्यावर तो बसतो, माल तो उतरवून घेतो, ग्राहकांची बोलणी तो ऐकतो. पण तिजोरीच्या किल्ल्यांचा जुडगा बाबूजींच्या कमरेला. धनादेशावर सही त्यांचीच. कोणत्या शेतकऱ्याकडे किती येणे आहे, कोणत्या अडत्याला शब्द दिलेला आहे, कोणाचा कागद कोठे ठेवला आहे, हे सारे त्यांच्या एकट्याच्या डोक्यात. स्मरणशक्तीचा त्यांना अभिमान असतो आणि तो सार्थही असतो. मग एके दिवशी अचानक अर्धांगवायूचा झटका येतो, वाचा जाते, आणि चाळीस वर्षांचा हिशेब त्यांच्या डोळ्यांत बंद होऊन राहतो. घरातील माणसे अंथरुणाभोवती बसून एकेक नाव उच्चारतात आणि ते मान हलवतात की नाही, याची वाट पाहतात. नाटकातील पांतालोने शेवटी क्षमा करून मोकळा होतो. या घरात मात्र तेराव्यानंतर भावाभावांत बोलणे बंद होते, कारण कोणाला काय सांगितले होते याला साक्षीदार उरलेला नसतो.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. किल्ल्या मागणाऱ्या मुलाला अनेकदा केवळ किल्ल्या हव्या असतात. उधारीचा डोंगर, कामगारांची देणी, दरवर्षी थोडेथोडे तोट्यात जाणारे गोदाम, यांचा भार त्याला नको असतो. पादुआच्या करारात किल्ली धारण करणारे तिघेही तोच प्रवास करीत, त्याच घोड्यावर सामान लादत आणि आजारी सोबत्याचा खर्च वाटून घेत. किल्ली ही तेथे मानाची वस्तू नव्हती, जबाबदारीची होती. ज्याला खाते समजावून घ्यायला दिवाळीच्या वहीपूजनापलीकडे सवड नाही, त्याच्या हाती वडिलांनी किल्ली का द्यावी, हा प्रश्नही रास्तच आहे.

म्हणून हा व्यवहार एका दिवसात उरकणारा नसतो. वडील हिंडते-फिरते असताना, बुद्धी शाबूत असताना, रोज संध्याकाळी दुकान वाढवण्यापूर्वी अर्धा तास वही उघडून दोघांनी, शक्य तर तिघांनी, बसावे. तिसरे माणूस घरातील सून असेल, तर अधिक चांगले. सासऱ्यांच्या माघारी वसुलीसाठी येणाऱ्या माणसाशी बोलण्याची वेळ पुष्कळदा तिच्यावरच येते. येणे-देणे कागदावर यावे, भागीदारीपत्र नवे करावे, मृत्युपत्राचा विषय अशुभ समजून टाळू नये. बँकेत दुसऱ्या सहीची सोय करण्यास एक सकाळ पुरते. ती सकाळ वर्षानुवर्षे पुढे ढकलली जाते, एवढेच.

राजांच्या मेजावर मिठाईच्या ताटांमध्ये पांतालोनेची पुतळी उभी असे, तेव्हा भोवती बसलेल्यांत थैली घट्ट धरणारे वृद्ध पुष्कळ असत. सत्ता मुलाच्या हाती न देणारे राजे असत, जहागिरीचे कागद उशाखाली ठेवणारे सरदार असत. त्या बोटभर उंचीच्या म्हाताऱ्याकडे पाहून ते हसत आणि मिठाई खात. त्यांतील किती जणांनी घरी गेल्यावर आपली कमर चाचपून पाहिली असेल, हे सांगता येत नाही. खामगाव-मलकापूरच्या पेढीवरील बाबूजींना मात्र त्यासाठी मायसेनच्या पुतळीची गरज नाही. आज संध्याकाळी दुकान वाढवताना त्यांनी मुलाला हाक मारावी आणि तिजोरी उघडण्यापूर्वी जुडगा त्याच्या हाती द्यावा. कोणती किल्ली कोणत्या कप्प्याची, हे पहिल्या दिवशी त्याला सांगावे लागेल.